टवक्यांपायी अख्खी गाडी रंगवू नका

प्रश्न : आमची चंदेरी स्विफ्ट सात वर्षांची आहे. मी चिपळूणला शाळेत शिकवते. महिन्यातून दोनदा तरी आई-वडिलांकडे पनवेलला जाणं होतं. मुंबई-गोवा महामार्गाची कहाणी तुम्हाला वेगळी सांगायला नको. पुढच्या डंपरमधून उडालेल्या खडीने बॉनेटवर आणि बंपरवर टवके उडालेत. समोरच्या काचेच्या वर, टपाच्या कडेला दोन ठिकाणी तांबूसही झालंय. इथला गॅरेजवाला म्हणतो, "मॅडम, एकेक टवका कुठे बुजवत बसणार? पूर्ण बॉडी मारून टाका, अडतीस हजारांत नवी करून देतो." ह्यांना ते पटलंय, आणि एवीतेवी रंगवायचीच तर लाल करू म्हणतात. मुलगा पुण्याला शिकतो. त्याला मिलिटरीचा हिरवा हवाय, तोही मॅट. जाऊबाई म्हणतात, नेलपॉलिश लाव आणि गप्प बस. गणपतीच्या आधी काय ते उरकायचं आहे. काय करू?
— एक शिक्षिका, चिपळूण

ताई, तुमच्या पत्रात चार जणांचे चार सल्ले आहेत आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी सल्ला जाऊबाईंचा आहे. तो बरोबर आहे असं नाही, पण त्याने गाडीचं काही बिघडणार नाही. बाकी तिघांचं ऐकलंत तर एक चांगली गोष्ट कायमची हातची जाईल, ती म्हणजे गाडीचा कंपनीचा रंग.

गॅरेजवाल्याचं गणित मला कळतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रंगाच्या काउंटरवर मी अठरा वर्षं शेड मिसळल्या, निम्मी गिऱ्हाइकं पेंटरच. टवके बुजवायला पेंटरचा अर्धा दिवस मोडतो, आणि त्याचे हजार रुपये मागितले की गाडीवाल्याचं तोंड वाकडं होतं. अख्खी बॉडी मारली तर चार पोरांना आठवडाभर काम मिळतं. त्यामुळे "मारून टाका" हे त्याच्या पोटाला धरूनच आहे. त्याला लबाड म्हणू नका. फक्त गरज त्याची आहे की तुमच्या गाडीची, हे आधी बघा.

ते बघायला पैसे लागत नाहीत. आज शाळेतून आलात की फ्रिजवरचं एखादं चुंबक घ्या, पातळ रुमालात गुंडाळा आणि गाडीभोवती एक चक्कर मारा. बंपरला चुंबक चिकटणार नाही, कारण तो प्लास्टिकचा. प्लास्टिकला गंज चढत नाही. म्हणजे बंपरवरचे सगळे टवके आत्ताच यादीतून काढून टाका. ते दिसायला वाईट आहेत एवढंच. पुढची दहा वर्षं तसेच राहिले तरी बंपर कुजणार नाही. माझ्या अनुभवात लोक सगळ्यात जास्त जीव बंपरला लावतात आणि गंज मात्र भलतीकडेच चढत असतो.

आता जिथे चुंबक चिकटतं तिथले, म्हणजे बॉनेट, टप आणि चाकावरच्या फेंडरवरचे टवके मोबाइलच्या टॉर्चमध्ये जवळून बघा. टवक्याच्या तळाशी कोणता रंग दिसतो? मंद राखाडी दिसला तर खालचा प्रायमर शाबूत आहे, घाई नाही. नव्या स्टीलच्या चमच्यासारखं चकाकलं तर पत्रा उघडा पडलाय. कोकणच्या हवेत अशा पत्र्याला गंज धरायला फार दिवस लागत नाहीत. तांबूस दिसलं तर काम सुरू झालेलं आहे. त्या टवक्याच्या काठाला नख लावून बघा. रंग पापुद्र्यासारखा उचलला गेला तर गंज दिसतो त्यापेक्षा मोठा आहे, तो रंगाखालून पसरलाय.

माझा अंदाज सांगतो. बॉनेटवरचे बहुतेक टवके राखाडी निघतील, दोन-चार चकाकतील, आणि खरी काळजी करण्यासारखे फक्त टपाच्या कडेचे ते दोन तांबूस डाग असतील. दोन डागांसाठी अडतीस हजार आणि पूर्ण गाडी?

मघाशी कंपनीच्या रंगाचं एवढं कौतुक केलं, त्याचं कारण सांगतो. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असतो तेव्हा, म्हणजे काचा, वायरी, सीट, रबर काही बसवण्याआधी, तो प्रायमरच्या मोठ्या टाकीत अख्खा बुडवतात आणि वीज सोडतात. त्या विजेने प्रायमर पत्र्याच्या सांध्यासांध्यांत, जिथे कोणाचा ब्रश किंवा फवारा पोहोचणार नाही तिथेही, बसतो. मग तो साधारण १६० ते १८० अंश सेल्सियसला भट्टीत भाजतात. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा सरफेसर, त्यावर रंगाचा बेसकोट, त्यावर पारदर्शक क्लिअर, आणि पुन्हा १४० अंशांच्या आसपास भट्टी. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. झेरॉक्सच्या एका कागदाइतकी. त्यातला जो थर आपण रंग म्हणून बघतो, तुमचा चंदेरी, तो सगळ्यात पातळ, पंधरा-वीस मायक्रॉनचा. वरचं ऊन-पाऊस झेलतं ते क्लिअर.

गॅरेजमध्ये ही भट्टी लावता येत नाही. गाडीत वायरिंग आहे, प्लास्टिक आहे, टाकीत पेट्रोल आहे. चांगल्यातल्या चांगल्या बूथमध्येही, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीतही, ६० ते ८० अंशांच्या वर जात नाहीत, आणि आपल्याकडच्या निम्म्या गॅरेजांत बूथ म्हणजे प्लास्टिकचा पडदा आणि दोन हॅलोजन. त्यामुळे तिथला रंग उत्तम लागू शकतो, पण कंपनीचा तो कंपनीचाच. घासून काढला की परत येत नाही.

माझाच किस्सा सांगतो, म्हणजे मी पुस्तकातलं बोलत नाही हे कळेल. माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर तीन टवके होते. तेव्हा हातात रंगाचं दुकान, ओळखीचे पेंटर, अंगात मस्ती. म्हटलं, अख्खी मारून टाकू. झालीही सुंदर. दोन वर्षांनी विकायला काढली तर गिऱ्हाईक मोबाइलएवढं एक यंत्र घेऊन आलं. ते यंत्र पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी सांगतं. बॉनेट २८०, दार ३१०, मागचा फेंडर २९०. तो काहीच बोलला नाही, नुसता हसला आणि म्हणाला, "ॲक्सिडेंट कधी झालेला?" मी शपथा घेतल्या. कोण विश्वास ठेवतो! तीन टवक्यांसाठी रंगवली हे कोणालाही खोटंच वाटणार. ठरलेल्या किमतीतले पंचवीस हजार त्याने तिथल्या तिथे कापले. हल्ली जुन्या गाड्या घेणारे दलाल सर्रास असं यंत्र बाळगतात. टवके असलेली मूळ रंगाची गाडी त्यांना चालते, गुळगुळीत नव्या रंगाची बघितली की त्यांच्या भुवया वर जातात.

तेव्हा टवके बुजवा. बॉनेटवरचे तुम्ही स्वतः घरी बुजवू शकता. ज्यांना फळ्यावर नीट अक्षर काढता येतं त्यांना हे जमतं.

गाडीच्या रंगाचा कोड चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर नाहीतर बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. चंदेरी म्हणजे सिल्की सिल्वर असेल तर मारुतीचा कोड झेड२एस. तरी आपल्या गाडीवर काय लिहिलंय ते बघूनच घ्या. "चंदेरी द्या" म्हणालात तर दुकानात दहा चंदेऱ्या निघतील. त्या कोडची टच-अप बाटली किंवा पेन आणा, सोबत क्लिअरची छोटी बाटली आणि प्रायमर. सगळं मिळून हजार-बाराशेच्या वर जाऊ नये. बाटलीच्या झाकणाला जो ब्रश असतो तो मात्र हात न लावता तसाच ठेवा. त्या ब्रशने टवका बुजत नाही, टवक्यावर टेंगूळ येतं. त्याऐवजी दात कोरायच्या काड्यांची डबी घ्या.

गाडी सावलीत लावा, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी शाम्पूने धुवा, पुसा. मग केमिस्टकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन प्रत्येक टवका पुसून काढा. वॅक्स, पॉलिश, तेलाचा अंश, काही राहिलं की रंग धरत नाही आणि महिन्याभरात टिकलीसारखा गळून पडतो. जिथे पत्रा चकाकतोय किंवा अगदी कोवळा तांबूसपणा आहे तिथे जरा घासावं लागेल. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरावर पंचिंग मशीनने पाडलेली वॉटर पेपरची टिकली फेव्हिक्विकने चिकटवा, ८०० नंबरची, आणि टवक्याच्या आतच गोल गोल फिरवा. बाहेर गेलात तर भोवतीचं क्लिअर धूसर होईल. गंजाचा ठिपका उरलाच तर त्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या रस्ट कन्व्हर्टरचा काडीएवढा थेंब. तो वाळला की काळा पडतो, तसाच पडायला हवा. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा थेंब हवाच. राखाडी तळ असेल तर प्रायमर नको.

मग रंग. बाटली तीन मिनिटं हलवा. चंदेरीत ॲल्युमिनियमची चकती असते, ती तळाशी बसलेली असते. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यावर दोन थेंब काढा, काडीचं टोक त्यात बुडवा आणि टवक्याच्या मध्यभागी नुसतं टेकवा. फिरवायचं नाही, ओढायचं नाही. थेंब आपणहून काठापर्यंत पसरतो. बघायला मजा येते, पहिल्यांदा करताना मी श्वास रोखून धरला होता. वाळला की तो खाली बसतो, कारण त्यातलं थिनर उडतं. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरा थेंब, मग तिसरा. भोवतीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली असतानाच थांबा, कारण दुसऱ्या दिवशी त्यावर क्लिअरचा थेंब येणार आहे.

आठवड्याने उंचवटा राहिलाच तर दोन हजार नंबरच्या पेपरने साबणाच्या पाण्यात घासून रबिंग कंपाउंड मारतात. तुम्ही हे करू नका. क्लिअर सगळं मिळून चाळीसेक मायक्रॉन, हात जरा जड पडला तर आरपार जाल आणि एका टवक्याचं मोठं भगदाड होईल. उंचवटा राहू द्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मला शिव्या घालाल. चंदेरी रंग काडीने लावला की कंपनीच्या रंगापेक्षा थोडा काळपट दिसतो. फवाऱ्याने मारताना ॲल्युमिनियमच्या चकत्या आडव्या, सपाट बसतात आणि उजेड परत फेकतात. थेंबात त्या वेड्यावाकड्या बसतात. पांढऱ्या गाडीवर हाच थेंब शोधून सापडत नाही. तुमच्या बॉनेटवर जवळून बघणाऱ्याला राखाडी ठिपके दिसतील, चार-पाच फुटांवरून दिसणार नाहीत. पत्रा मात्र झाकला जाईल, आणि आपल्याला तेच हवं आहे.

आता टपाच्या कडेचे ते दोन डाग. ते काडीने होण्यासारखे नाहीत. काचेच्या वरची कड म्हणजे खडीचा पहिला मार झेलणारी जागा. तिथला गंज रबराखाली शिरतो आणि पाणी तिथेच मुरत राहतं. पुढे एखाद्या पावसाळ्यात आतल्या छताच्या कापडावर ओल दिसते आणि लोक काचेचं रबर बदलत बसतात. हे काम पेंटरलाच द्या, पण एवढंच द्या. त्याला सांगायचं की रबराची पट्टी काढ, गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत घास, एपॉक्सी प्रायमर मार, बेसकोट फक्त त्या कडेला आणि क्लिअर मात्र पूर्ण टपावर. क्लिअर अर्ध्यात थांबवलं की वर्ष-दोन वर्षांत तिथे कड उमटते आणि सोलते. एका पॅनेलचे आपल्याकडे चार-पाच हजार होतात, त्यातच हे बसायला हवं. गंज काचेखाली गेला असेल तर काच काढावी लागेल, त्याचे वेगळे. तो "लांबी भरून देतो" म्हणाला तर नको म्हणा. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, आणि गंजावर ती भरणं म्हणजे दुखऱ्या दातावर चुना लावण्यासारखं आहे. वरून गुळगुळीत होतं आणि आत चालूच राहतं.

आणि हे गणपतीच्या आधी करू नका. श्रावण-भाद्रपदात चिपळूणला हवेत किती पाणी असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, मीठसुद्धा बरणीत पाझरतं. अशा हवेत मारलेला रंग वाळताना ओल धरतो. पृष्ठभागावर दुधाळ धुकं येतं, नाहीतर पुढे उन्हात बारीक फोड येतात. त्यात गणपतीला मुंबईकर चाकरमानी यायच्या आधी कोकणातल्या प्रत्येक गॅरेजात रांग, म्हणजे पेंटर रात्री अकराला घाईघाईने फवारा मारणार. दसरा ते होळी हा आपल्याकडचा रंगाचा मोसम. तोवर त्या दोन डागांवर कोरड्या दुपारी रस्ट कन्व्हर्टर, वर प्रायमर आणि त्यावर जाऊबाईंचं बिनरंगी नेलपॉलिश, दोन हात. हो, खरंच. दोन-तीन महिने पाणी अडवायला ते पुरतं. पुढे पिवळं पडून सोलतं म्हणून कायमचा इलाज नाही, एवढंच. जाऊबाईंना कळवा.

इन्शुरन्समधून करून घ्या असं कोणीतरी म्हणेलच. करू नका, आणि का ते आकड्यांत बघा. समजा बॉनेट रंगवायचं बिल ५,००० झालं. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के हे साहित्य धरतात आणि त्याच्या निम्मे घसारा म्हणून कापतात, म्हणजे ६२५ गेले. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातले. हातात येतात ३,३७५. आणि एवढी वर्षं क्लेम केला नसेल तर तुम्हाला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत असणार, तो पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. पुन्हा पन्नासवर चढायला क्लेमशिवायची पाच वर्षं.

राहिला नवा रंग. हा दुरुस्तीचा विषयच नाही, हौसेचा आहे, आणि हौसेला मी नाही म्हणत नाही. फक्त हौस म्हणूनच करा, टवक्यांच्या नावावर खपवू नका.

मुलाचा मिलिटरी हिरवा तर सरळ बाद. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला देता येत नाही. तो म्हणेल, मी रंगवत नाही, रॅप म्हणजे रंगीत फिल्म लावतो. कशेडी घाटात गाडी अडवलेल्या हवालदाराला रंग आणि रॅप यांतला फरक समजावून सांगायची तयारी असेल तर बघा म्हणावं. शिवाय रॅप हा काही टवक्यांवरचा उतारा नाही. ती फिल्म खालच्या खड्ड्यात बसते, टवका वरून दिसतो, आणि आत गंज निवांत वाढतो.

ह्यांच्या लालला कायद्याची आडकाठी नाही, पण रंग हा नोंदणी प्रमाणपत्रावरचा रकाना आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो बदल आरटीओला कळवून, परवानगी घेऊन करायचा असतो. परिवहनच्या पोर्टलवर वाहनातील बदलाचा अर्ज, फी, गाडीची तपासणी, मग नव्या रंगाची नोंद. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्यायचा. चंदेरी कागद आणि लाल गाडी अशी जोडी अपघाताच्या दिवशी किंवा विकायच्या दिवशी नडते.

आता लालबद्दल, रंगवाला म्हणून. लाल रंगद्रव्य मुळात झाकायला कमजोर. चंदेरीवर थेट मारला तर खालचा रंग डोकावतो, म्हणून आधी त्याला साजेसा बेस द्यावा लागतो आणि मग जास्त हात. उन्हात उभी राहणारी लाल गाडी टपावर आणि बॉनेटवर आधी फिकी पडते. जांभ्याच्या मातीचे शिंतोडे लालवर कमी दिसतात हा एक फायदा आहे खरा! पण अडतीस हजारांत लाल म्हणजे बाहेरून लाल. दार उघडलं की चौकट चंदेरी, बॉनेट उचललं की आत चंदेरी, डिकीची कड चंदेरी. पेट्रोल भरताना झाकण उघडेल तेव्हा पंपावरचा पोरगाही ओळखेल. आतूनही लाल करायची तर दारं, बीडिंग, हँडल, दिवे उतरवून करावी लागते, आणि त्याचा भाव दुपटीच्या आसपास जातो.

हे सगळं ऐकूनही ह्यांचं लालवर मन असेल तर गॅरेजवाल्याला दोनच गोष्टी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. पहिली, उघडून रंगवणार की टेप मारून? टेप मारून रंगवलेल्या गाडीला हँडलभोवती आणि रबराच्या कडेने रंगाची धार राहते आणि सोलायला सुरुवात तिथूनच होते. दुसरी, रंग पीयू (पॉलियुरेथेन) की एनसी (नायट्रोसेल्युलोज)? पीयूमध्ये हार्डनर पडतो, तो कडक होतो आणि टिकतो. एनसी नुसतं थिनर उडून वाळतो, स्वस्त असतो आणि लवकर निस्तेज होतो. "पीयूच आहे" असं तोंडी सांगणारे पुष्कळ. काम झाल्यावर डिकीच्या आतल्या कडेला थिनरचं फडकं घासून बघा. फडक्याला रंग उतरला तर एनसी. आणि हो, पीयूच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट, दमा जडतो. मुलगा यूट्यूब बघून अंगणात फवारा मारतो म्हणाला तर त्याच्या हातातून गन काढून घ्या.

कोणी सिरॅमिक कोटिंग विकायला आलं तर एवढं लक्षात असू द्या. ते मायक्रॉनभर जाडीचं असतं, पाणी छान ओघळतं, धूळ कमी बसते. खडी अडत नाही. खडीसाठी जाड पारदर्शक फिल्म असते, ती नुसत्या बॉनेटच्या पुढच्या हातभर पट्टीला लावली तरी तुमच्या रस्त्याला उपयोगी आहे, पण टवके बुजवून झाल्यावर. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे डंपरच्या मागे न राहणं. ते त्या महामार्गावर कितपत जमतं ते तुम्हीच सांगा.

दसऱ्याला गाडीची पूजा कराल तेव्हा टपाचं काम नुकतंच झालेलं असेल, तर नव्या रंगावर हळद-कुंकवाची बोटं ओढू नका. महिनाभर तो रंग कच्चाच असतो, हळद आत मुरते. झेंडूची माळ बॉनेटवर नको आणि तारेत ओवलेली तर मुळीच नको, दोऱ्यातली घ्या. दसऱ्यानंतरच्या सोमवारी माझ्या काउंटरवर चार-पाच जण तरी माळेच्या तारेने पडलेले ओरखडे दाखवायला यायचे. एकाने तर पुराव्यादाखल माळच आणली होती.